पहिल्या पाण्याची बाटली

॥ श्री ॥

बडा गणपती, इंदूर
२४ फेब्रुवारी २०२५

चि. संहितेस,
यमुनाआत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं संक्रांतीचं पत्र आणि तिळाच्या वड्या, दोन्ही पोचलं. वड्यांचा वाटेत भुगा झाला होता, तो मी दुधात घालून खाल्ला. पत्र मात्र अखंड होतं. फोन का घेत नाहीस म्हणून पुन्हा विचारू नकोस. डाव्या कानाने कधीच रामराम ठोकलाय, आणि उजव्यात यंत्र घातलं की तुझ्या आवाजाऐवजी हैदराबादची सगळी रहदारी ऐकू येते. तू काहीतरी सांगतेस, मी हो हो म्हणते, आणि फोन ठेवल्यावर आपण कशाला हो म्हटलं याचा विचार करत बसते. त्यापेक्षा पत्र बरं. चार वेळा वाचता येतं. शाळेत जन्मभर मराठी शिकवल्यामुळे तुझं शुद्धलेखन तपासण्यातही वेळ छान जातो. मागच्या पत्रात चुका कमी होत्या, त्यामुळे तो लवकर संपला.

इकडची खबर म्हणजे माझा सीझन सुरू झाला. तुला सगळं ठाऊक आहे, पण मानसला तू नीट सांगितलं नसशील, म्हणून त्याच्यासाठी लिहिते. आपला जावई कॉम्प्युटरवाला, त्याला पायाळू म्हणजे काय ते कुठून माहीत असणार. जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले. आईला इतका त्रास दिला त्याची भरपाई म्हणून देवाने मला जमिनीखालचं पाणी कळायची देणगी दिली, असं आईच म्हणायची. तळहातावर सोललेला नारळ आडवा ठेवायचा, शेंडी बोटांकडे, आणि प्लॉटवरून सावकाश चालायचं. जिथे खाली पाणी असतं तिथे नारळ आपोआप उभा राहतो. मी काही करत नाही, देवाशप्पथ. तिथे चुना टाकायचा आणि बोअर मारायचा. आता उन्हाळा तापायच्या आधी सगळ्यांची घाई आहे. आपल्या घराखाली स्टेशनरीचं दुकान आहे ना, त्या शामरावांनी सिमरोलकडे प्लॉट घेतलाय. रोज संध्याकाळी कचोरी घेऊन वर येतात, आणि तासभर बसतात. त्यांचं आपलं एकच, की ताईजींनी मुहूर्त सांगावा, नारळ तयार आहे.

पाणी लागलं की पहिल्या पाण्याची बाटली आणि एक नारळ माझ्याकडे आणायचा, हा रिवाज कोणी पाडला कोण जाणे. पूर्वी तांब्यातून आणत, आता कोल्ड्रिंकच्या बाटलीतून आणतात. ते पाणी मी तुळशीला घालते. माझी तुळस निम्म्या इंदूरचं पाणी प्यायली आहे. आणि इतक्या वर्षांत एकही माणूस येऊन म्हणाला नाही, की ताई, तुम्ही दाखवलेल्या जागी पाणी लागलं नाही. एकही नाही.

फक्त मनोरमा तेवढी फिरकली नाही. आमच्या शाळेतली गणिताची मनोरमा, तुला आठवत असेल, जिच्या डब्यातली भरली वांगी तू पळवायचीस. सिमरोल रोडला घर बांधलं तेव्हा जागा मीच दाखवली होती. वास्तुशांतीला मानाने पाटावर बसवलंन्, आणि पुढे येणंजाणं कमी करत करत बंदच केलं. बाटलीसुद्धा कोणाबरोबर धाडली नाही. नव्या घराची हवा लागते एकेकाला. जाऊ दे.

आता मुद्द्याचं. तू त्या औषधांच्या कंपनीत काम करतेस, औषधाने खरंच गुण येतो की नाही ते आकड्यांवरून ठरवतेस. मग तुझ्या आत्याच्या नारळाचं का नाही ठरवत? ये एप्रिलमध्ये. लाव काय कसोटी लावायची ती. वरच्या मजल्यावर शिखा राहते, ती बँकेतली भाडेकरू, फार गुणी मुलगी, ती मदतीला आहे. मानसलाही घेऊन ये.

खरं सांगायचं तर हे चारच महिने माझ्या दाराची कडी वाजते. पाऊस पडला की कोणाला जमिनीखालच्या पाण्याची आठवण राहत नाही आणि माझीही. म्हणून म्हणते, यायचं तर या दिवसांत ये, तेव्हा घर भरलेलं असतं.

लोभ आहेच. तो पोस्टाने येत राहू दे.

तुझी,
यमुनाआत्या

---

हैदराबाद
५ मार्च २०२५

ती. यमुनाआत्यास,
संहितेचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. एप्रिलमध्ये येणं अवघड दिसतंय गं. एका औषधाचा अहवाल द्यायचाय आणि आमच्या टीममधले दोघं नोकरी सोडून गेलेत. मानस बरा आहे, कामात आहे. मीही मजेत. चौदाव्या मजल्यावरून तलावाचा एक तुकडा दिसतो, संध्याकाळी तो बघत चहा पिते. स्वयंपाकाचं म्हणशील तर एकटीसाठी कुकर लावायचा कंटाळा येतो, दहीपोहे झिंदाबाद.

तुझ्या नारळाची थट्टा करणार नाही. लहानपणी माझ्या पाठीत उसण भरली तेव्हा तू पायाळू म्हणून पाठीवर हलकेच लाथ मारली होतीस, आणि मी उठून पळाले होते, हे मला अजून आठवतं. गुण लाथेचा होता की तोपर्यंत उसण उतरायची वेळच झाली होती, हे तेव्हा कोणी विचारलं नाही. माझं काम एवढंच आहे, आत्या. ते विचारणं.

कसोटीला मी तिथे असायची गरज नाही. बोअर मारायचीही नाही. तू म्हणतेस पाणी असेल तिथे नारळ उभा राहतो. पाणी तर जागचं हलत नाही. मग एकाच मैदानावर डोळे उघडे ठेवून चाललीस आणि डोळे बांधून चाललीस, तर नारळ त्याच जागी उभा राहायला हवा, हो ना? तुमच्या शाळेच्या मैदानावर जा. आधी नेहमीसारखी चाल, नारळ उभा राहील तिथे शिखाला चुन्याची खूण करू दे. मग डोळे बांध, शिखाला तुला दोनचार गिरक्या घालू दे, आणि दुसऱ्याच बाजूने पुन्हा सगळं मैदान चाल.

पण एक अट. काय झालं तर नारळ खरा आणि काय झालं तर नाही, हे चालायच्या आधी तूच ठरवायचं आणि मला लिहून टाकायचं. निकाल लागल्यावर नियम बदलायचा नाही. जमीन तापली होती, शिखाची चप्पल चामड्याची होती, असलं काही मागाहून चालणार नाही. आमच्याकडे मोठमोठे डॉक्टरसुद्धा इथेच घसरतात.

तब्येत सांभाळ. कचोरी जरा बेतानेच खा, आणि माझ्यावर माया ठेव.

तुझी,
संहिता

---

बडा गणपती, इंदूर
२१ मार्च २०२५

चि. संहितेस,
अनेक आशीर्वाद, आणि पेढे!

परवा रंगपंचमीची सुट्टी होती. सगळं शहर गेरच्या मिरवणुकीत रंगत होतं, आणि आम्ही दोघी शाळेच्या रिकाम्या मैदानावर नारळ घेऊन हिंडत होतो. चौकीदाराला वाटलं, म्हातारीने भांग घेतली. आधीच्या कार्डात तुला नियम कळवला होता, की निम्म्याहून जास्त खुणांवर उभा राहिला तर खरा. तर ऐक. डोळे उघडे असताना तीन जागा निघाल्या. शिखाने चुना टाकला. मग तिने तिच्या निळ्या ओढणीने माझे डोळे घट्ट बांधले, चार गिरक्या दिल्या, मला घेरी आली, आणि तिचा हात धरून मी पुन्हा मैदानभर चालले. तिन्ही खुणांवर नारळ उभा राहिला! भलतीकडे कुठेही नाही. शिखा टाळ्या वाजवत होती, ते मला यंत्राशिवाय ऐकू आलं.

संध्याकाळी शामरावांनी ही बातमी गल्लीभर केली, की ताईजी सायन्समध्ये पास झाल्या. हलवाईसुद्धा मला नमस्कार करून गेला. पुढच्या आठवड्यात सिमरोलला प्लॉटवर जायचं ठरलंय. आता सांग तुझ्या कंपनीला. मी काही औषध नाही, पण माझाही अहवाल निघाला.

एक विचारायचं राहिलं. मानस घरात असताना एकटीसाठी कुकर का लावावा लागतो? जावई बाहेर जेवतात की काय रोज? त्यांना सांग, इंदूरची सासुरवाडी आहे, उपाशी राहिलेलं चालत नाही.

माया आहेच, वेगळी ठेवायला नको.

तुझी पास झालेली,
यमुनाआत्या

---

हैदराबाद
२९ मार्च २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र हसत वाचलं. जे लिहायचंय ते न लिहिण्याचा मोह होतोय. पण तू मागितलीस ती खरी कसोटी, नुसती शाबासकी नाही. म्हणून लिहिते.

डोळे बांधल्यावर तुझा हात शिखाने धरला होता. खुणा कुठे आहेत ते शिखाला दिसत होतं. आत्या, तिने फसवलं असं मी म्हणत नाही. पण खूण जवळ आली की तिचं पाऊल अडखळलं असेल, श्वास थांबला असेल, बोटं किंचित घट्ट झाली असतील. तिलाही कळलं नसेल आणि तुलाही. तुला कमी ऐकू येतं, त्यामुळे समोरच्याचा हात आणि चेहरा वाचायची तुला सवय आहे. म्हणून तर आमच्याकडे खरी गोळी कोणाला आणि साखरेची कोणाला, हे रोग्यालाच नाही, गोळी देणाऱ्या डॉक्टरलाही सांगत नाहीत. डॉक्टरला कळलं की त्याच्या चेहऱ्यावरून रोग्याला कळतं.

पुन्हा एकदा करशील? खुणा शिखाने करायच्या, आणि तिने फाटकाबाहेर जाऊन उभं राहायचं. हात धरायला असं कोणीतरी घे ज्याने खुणा पाहिल्याच नाहीत, आणि त्याचेही डोळे बांध.

आणखी एक गोष्ट पहिल्या पत्रापासून मनात आहे. पाणी लागलेले लोक बाटली घेऊन येतात. ज्यांना लागलं नाही, ते काय घेऊन येतील? आमच्या पाहणीत काही रोगी मधेच यायचे बंद होतात. आलेल्यांनाच विचारलं तर प्रत्येक औषध रामबाण ठरतं, कारण ज्यांना गुण आला नाही ते घरी बसलेले असतात. न आलेल्यांना शोधून काढणं, हे माझ्या कामातलं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम आहे. तुझ्याकडे न आलेले किती, आणि कोण?

रागावशील, माहीत आहे. मानस बरा आहे, कामात आहे.

रागातसुद्धा मला विसरू नकोस.

तुझी,
संहिता

---

इंदूर
१२ एप्रिल २०२५

चि. संहितेस आशीर्वाद.

तू सांगितलंस तसं केलं. हात धरायला चौकीदार होता, त्याचेही डोळे बांधले. दोघं आंधळे मैदानात फिरलो. नारळ उभा राहिला, पण भलत्याच ठिकाणी. खुणांवरून मी सरळ चालत गेले, तो झोपून होता. मनाचं समाधान होईना म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं. तेव्हा आणखी तिसऱ्याच जागी उभा राहिला. नियम माझाच होता, म्हणून बदलला नाही.

हात माझा होता, आणि मला न विचारता हलत होता. या वयात आपला हात आपलं ऐकत नव्हता, हे कळायला जरा जड जातंय.

शामरावांना सांगितलं, की मला जागा दाखवता येत नाही, पूर्वीही येत नव्हती. त्यांना वाटलं माझं काही बिनसलं. कचोरी कमी पडली का, असं विचारलं. मग म्हणाले, की पाणी दाखवू नका, ताईजी, नुसतं येऊन उभ्या तर राहा. मी नाही म्हटलं. आता त्यांनी महूहून तांब्याच्या सळ्यांनी पाणी सांगणारा कोणी शोधलाय. संध्याकाळी वर यायचेही थांबले. दुकानाचं शटर पडल्याची थरथर जिन्यापर्यंत येते, तेवढी कळते. बाकी दोघंतिघं आले, त्यांनाही हेच सांगितलं. आता कोणी येत नाही.

पत्र लिहू नकोस असं म्हणत नाही, पण लगेच लिहू नकोस.

यमुना

---

हैदराबाद
२० एप्रिल २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तू लगेच लिहू नकोस म्हणालीस, म्हणून दोन रविवार थांबायचं ठरवलं होतं. एकच थांबता आला.

तू लबाडी केली नाहीस. असल्या बारीक हालचाली सगळ्यांचेच हात करतात, मनात जे असतं त्याच्या मागे हात जातो. आणि काळ्या खडकाच्या आपल्या मुलखात पाणी खडकाच्या भेगांत असतं, कुठे लागतं, कुठे नाही. ज्यांनी कोणालाच विचारलं नाही त्यांनाही बऱ्याचदा लागतंच. तेवढं यश तुझ्या नारळालाही मिळत होतं. हे सगळं खरं आहे, आणि त्याचा तुला आत्ता काही उपयोग नाही, हेही मला कळतं. स्वतःच्या विरुद्ध गेलेला निकाल असा एका पानात लिहून पाठवणारी माणसं मी नोकरीत फार पाहिली नाहीत.

पण कसोटी मांडताना मी एक गोष्ट धरलीच नव्हती. नारळाबरोबर तुझी माणसंही जातील, हे मला दिसायला हवं होतं. आत्या, मला फार वाईट वाटतंय. तू त्या घरात एकटी बसली आहेस, आणि तिथे तुला मी बसवलंय.

काही तरी लिही. चुका काढ, रागाव, पण लिही.

तुझी,
संहिता

---

॥ श्री ॥

बडा गणपती, इंदूर
२८ मे २०२५

चि. संहितेस,
आत्याचे मनापासून आशीर्वाद.

उशीर झाला. ‘रविवार’ला तू दीर्घ वेलांटी देतेस की काय अशी भीती होती, पण पत्र शुद्ध होतं. आधी हे लिहून टाकते, की तू मला एकटीला बसवलं नाहीस. एकटी मी होतेच. वर्षातले चार महिने ते झाकलं जायचं, एवढंच.

उन्हाळा काही जाता जाईना गं. दुपारी कूलर सुरू केला की त्याची घरघर तेवढी सोबतीला. सवयीने पाच वाजता दोन कप चहा टाकायचे, आणि दुसरा कप रात्री गार पिऊन टाकायचे. शामरावांना पाणी लागलं. हो, सळ्यांच्या जागी. पेढे गल्लीभर वाटले, मलाही आणून दिले, पण बाटली महूला गेली. खोटं कशाला बोलू, मला लागलं ते. मी नुसती जाऊन उभी राहिले असते तर तेच पाणी माझं झालं असतं, आणि संध्याकाळही.  मग तुझं वाक्य आठवलं, की कोणालाच न विचारणाऱ्यांना किती लागतं. शिखाच्या स्कूटरवर बसून त्यांच्या प्लॉटवर गेले आणि शेजारच्या घरांत चौकशी केली. कोणी नारळ नाही, सळ्या नाहीत, मशीनची गाडी जिथे सोयीने उभी राहिली तिथे बोअर मारला, आणि बहुतेकांना पाणी होतं. ओढ्याकाठची जमीन ती. शामरावांना मी हे सांगितलं नाही. त्यांना सळ्यांचं कौतुक आहे, ते राहू दे.

तिथपर्यंत गेलेच होते, तर म्हटलं न आलेल्यांना शोधावं. जिथे जिथे मी जागा दाखवल्याचं आठवत होतं तिथे जायला लागले, कधी शिखाबरोबर, कधी सिटी बसने. संहिता, मी कधी विचार केला नव्हता इतकी माणसं निघाली. कोणाचा बोअर कोरडा, कोणाचा महिन्यात आटला. सगळ्यांनी मला बघून आधी दार पूर्ण उघडलं आणि मग चेहरा पाडला, जसं काही गुन्हा त्यांनी केला होता. एक बाई म्हणाली, की ताईजींना येऊन कसं सांगणार, चांगलं दिसलं नसतं. एकाने माझ्या पाया पडून सांगितलं, की त्यांचंच नशीब खोटं, नारळ तर बरोबरच उभा होता. कोणी मला दोष दिला नाही. मुरव्वत म्हणतात ना, तीच. माझा मान राखायला सगळे गप्प बसले, आणि त्या मानावर मी पुढच्याला जागा दाखवत राहिले.

मनोरमाकडे जायचं मी शेवटी ठेवलं होतं. तुला कळलंच असेल, मलाही तोवर कळलं होतं. तिने दार उघडलं. म्हातारी झाली आहे, गुडघे धरलेत. आत गेली, आणि रिवाजाप्रमाणे पाण्याचा पेला घेऊन बाहेर आली. तो माझ्या हातात दिला. मी प्यायले. मग तिने माझ्या बऱ्या कानाशी येऊन सांगितलं, की टँकरचं आहे.

बोअर मारला त्या दिवशी मशीनमधून नुसती धूळ उडाली. आणखी खोल गेले, पुन्हा धूळ. ती यायला निघाली होती सांगायला. मिस्टर म्हणाले, यमुनाताईंना वाईट वाटेल, नको. मग रोज उद्यावर गेलं. माझ्याकडे आली असती तर पाण्याचा विषय निघालाच असता. खरं सांगवेना, आणि माझ्यापुढे खोटं बोलवेना, म्हणून तिने येणंच सोडलं. आणि मी इकडे तिला नव्या घराची हवा लावत बसले. ज्या बाईबरोबर जन्मभर एका डब्यात जेवले, ती एका बसच्या अंतरावर होती, आणि आम्ही दोघी आपापल्या घरी दुसरा कप गार करत होतो. मी रडले. ती रडली. तिचे मिस्टर घाबरून टीव्ही लावून बसले.

परवा ती आली. मुलगा रिक्षात बसवून गेला. जिना चढायला तिला फार त्रास झाला, मधे दोनदा बसली. पिशवीतून तिने आधी नारळ काढला, मग एक कोल्ड्रिंकची बाटली काढून तुळशीपाशी ठेवली. बाटली रिकामी होती. म्हणाली, की तेव्हाच आणायला हवी होती. मी झाकण उघडून ती तुळशीवर उपडी केली. काही पडलं नाही. मग नारळ फोडून चटणी केली, आणि पाच वाजता दोन कप चहा टाकला तो दोघींनी गरम प्यायला.

पण फार सुखावू नकोस. टँकरला कंटाळून त्यांनी घर विकायला काढलंय. दसऱ्यानंतर मुलगा दोघांना बंगळुरूला नेणार आहे. तोवर दर आठवड्याला मीच जाणार, तिच्याने जिना चढवत नाही. मिळाली ती अशी, जायच्या वाटेवर.

आता तुझ्याकडे येते. परवा मनोरमा घरी गेल्यावर मी तुझी सगळी पत्रं काढून वाचली. शुद्धलेखनासाठी नाही. दिवाळीपासूनच्या जवळजवळ प्रत्येक पत्रात मानस बरा असतो आणि कामात असतो. तेच एक वाक्य. बाकी पत्रात तलावाचा तुकडा, चहा, दहीपोहे, एकटीचा कुकर. मी कुकरचं विचारलं त्याचं उत्तर आलं नाही. पोरी, तूही मला पाणी लागल्याच्याच बातम्या पाठवतेस. बाटल्या मोजून खूश राहायचा धंदा मी आता बंद केलाय. न आलेलं पत्र कोणतं, ते मला हवंय. मला वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नकोस. वाईट वाटू दे. त्यापायी माणूस दार बंद करून बसतं, ते मी आता पाहून आले.

भरलेल्या घराचं आमिष दाखवून तुला बोलावलं होतं. घर रिकामं आहे. तरी ये.

तुझीच,
यमुनाआत्या

---

हैदराबाद
६ जून २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी चार वेळा सुरू केलं. प्रत्येक वेळी ‘मानस बरा आहे’ असंच वाक्य हातातून उतरलं. तुझ्या हाताचं कसं झालं असेल ते आता कळतंय.

मानस बरा असेलही. मला माहीत नाही. दिवाळीनंतर तो इथे राहत नाही. भांडण नाही, तिसरं कोणी नाही. आमच्यातलं बोलणं आटत गेलं, आणि एक दिवस तो दोन बॅगा घेऊन ऑफिसजवळ राहायला गेला. घटस्फोटाचे कागद सह्या होऊन पडलेत. आईला सांगितलेलं नाही. ऑफिसातही सांगितलेलं नाही, अजून तिथे डबा खाताना मी दोघांच्या भाज्यांच्या गप्पा मारते. दुसऱ्यांच्या न आलेल्या रोग्यांना फोन करकरून शोधते, आणि संध्याकाळी घरी येऊन दिवे न लावता बसते. तुला सांगितलं नाही, कारण माझ्या लग्नात सगळ्यात जास्त तू नाचली होतीस. तुला कसं सांगायचं, चांगलं दिसलं नसतं.

हे लिहून झालं आणि काहीच झालं नाही. तलाव तिथेच आहे. फक्त खूप रडू आलं, आणि भूक लागली. एकटीसाठी कुकर लावला.

पुढच्या शनिवारच्या गाडीने निघते. रजा मोठी घेतली आहे. स्टेशनवर कोणाला पाठवू नकोस, रिक्षा करून येईन. येताना तुझ्यासाठी काय आणू म्हणून नेहमी विचारते, या वेळी विचारत नाही. नारळ तिथेच घेईन. बाटली इथून आणते, धुऊन, कोरडी करून ठेवली आहे.

पाच वाजता दुसरा कप टाक.

तुझी,
संहिता